सात नंबरचा अर्ज

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत हवामानाची गणिते मांडणाऱ्या एका मॅडमकडे दोन विद्यार्थी होते. एक पीएचडीच्या पाचव्या वर्षाला, दुसरी दुसऱ्या वर्षाला. प्रयोगशाळेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. तो सगळ्यांचा दादा, ती सगळ्यांची धाकटी.

दादा हुशार होता, रात्र रात्र जागणारा होता, आणि त्याला मोठ्या यंत्रांची भुरळ होती. १९९१ साली पुण्यात महासंगणक ‘परम ८०००’ कसा उभा राहिला, २०१८ साली ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ‘अर्का’ आला, हे तो क्रिकेटच्या धावसंख्येसारखे घडाघडा सांगायचा. धाकटी श्रीगोंदा तालुक्यातली, कुकडीच्या डाव्या कालव्यावरच्या गावातली. तिचे मामा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, आता निवृत्त. लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून तिने चाऱ्या-पोटचाऱ्या पाहिल्या होत्या. यंत्रांबद्दल तिला दादाइतके ठाऊक नव्हते आणि ते कबूल करायला ती लाजत नसे.

महिन्याच्या १ तारखेला एका नियतकालिकाकडून पत्र आले. त्यांचा लेख २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पावसावर होता. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. मॅडमच्या गटाने तो पाऊस संगणकात पुन्हा पाडून दाखवला होता. परीक्षकाने लिहिले होते : एकदा पडला, ठीक. पण तो योगायोग नव्हता कशावरून? सुरुवातीच्या नोंदी किंचित किंचित बदलून हेच गणित २० वेळा चालवा आणि मग बोला. मुदत २१ दिवस.

परीक्षकाची शंका रास्त होती. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने आपले हवामानाचे गणित मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, तर थोड्याच काळात हवामान भलतीकडेच गेले. ज्या आभाळाला चौथ्या दशांशाचा एवढा राग येतो, त्याच्याबद्दल एका गणितावर पैज लावू नये.

मॅडमनी दोघांना बोलावले. ‘‘दहा गणितं तुझी, दहा हिची. ती कुठल्या यंत्रावर चालवायची ते ज्याचं त्यानं ठरवा. पण ४ तारखेपर्यंत एका पानावर कारण लिहून द्या.’’

‘‘पान कशाला, मॅडम?’’ दादा म्हणाला. ‘‘चार दिवस लिहिण्यातच जातील.’’

‘‘पहिल्या महायुद्धाच्या काळात रिचर्डसन नावाच्या माणसानं हवेचा सहा तासांचा अंदाज हातानं गणित करून काढला. त्याला आठवडेच्या आठवडे लागले, आणि उत्तरही चुकलं. १९५० साली ‘एनिॲक’ यंत्रावर चोवीस तासांचा अंदाज काढला, त्याला चोवीसेक तास लागले. म्हणजे आभाळाशी कशीबशी बरोबरी. आपल्या धंद्यात उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत हातात पडावं लागतं. म्हणून पान.’’

यंत्रे तीन होती. पहिले म्हणजे २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधले एक मोठे सामायिक यंत्र. शेकडो नोड, म्हणजे एकत्र जोडलेले सुटे संगणक, देशभरातले संशोधक, आणि अर्थातच लांबलचक क्यू. दुसरा संस्थेचा स्वतःचा क्लस्टर : १२ नोड, वय झालेले, वातानुकूलन बिघडले की कण्हणारे. तिसरा भाड्याचा क्लाउड. कार्ड घासा, हवी तेवढी यंत्रे घ्या.

दादाचे पान दहा मिनिटांत झाले. त्यावर मोठ्या यंत्राचे नाव, त्याच्या वेगाचे पेटाफ्लॉप आणि एक वाक्य होते : ‘सर्वांत वेगवान तेच सर्वांत लवकर.’

धाकटी मात्र कागदापुढे बसून राहिली. रविवारी तिने मामांना फोन लावला. मामा कांद्याच्या रानात होते.

‘‘काय करताय, मामा?’’

‘‘दारं धरतोय. आज आपली पाळी हाये. तू बोल.’’

तिने तिन्ही यंत्रांची कथा सांगितली. मोठ्या यंत्राचे आकडे सांगितले. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. फोनमधून नुसते पाण्याचे आणि फावड्याचे आवाज आले.

‘‘पोरी, धरणात किती टीएमसी पाणी हाये हे पेपरवाल्यानं इचारावं. शेतकऱ्यानं इचारावं, माझ्या चारीला कोणत्या वारी येणार, किती तास मिळणार आन् कालवा बंद कव्हा होणार. धरण भरलेलं असून कांदा जळालेला म्या पाह्यलाय.’’

‘‘आणि ज्याला जास्त पाणी लागतं त्यानं?’’

‘‘त्यानं पाणी मागायच्या सात नंबरच्या अर्जावर लिहावं. पण खरं लिहावं. एक एकर भिजवायचं आन् दोन एकर लिहायचं, अशी माणसं पाटकऱ्याला लांबून वळखू येतात. पाळी लावताना त्यांच्यामुळं अख्ख्या चारीचा हिशेब बिघडतो. मग त्यांची पाळी लांबती, आन् बोंबलतात बी तेच.’’

‘‘तुम्ही पाळी लावायचात कशी?’’

‘‘शेजपाळी! शेपटाकडून तोंडाकडं. टेलचं रान आधी भिजवायचं, हेडवाल्याला कायम पाणी दिसतंच. पण मधी कुठं तासाभराची फट राह्यली, ऊसवाल्याची वेळ व्हायला अवकाश असला, तर शेजारच्या घासाच्या वाफ्याला सोडायचो. ऊसवाल्याची वेळ हलत नाय, घासवाल्याचं भागतं, पाणी वाया जात नाय. फक्त घासवाल्यानं खरं सांगितलं पाह्यजे का त्याला तासच लागतो.’’

‘‘आणि विहीर?’’

‘‘कालव्यावरच्या शहाण्या माणसाची एक बारकी इहीर असतीच. ती रान भिजवत नाय, पण जीव वाचवती. टँकर मातर लिंबोणीचं झाड मरायला लागल्यावर. त्याच्यावर ऊस लावायचा नसतो.’’

फोन ठेवल्यावर धाकटीने पहिल्यांदा एक गोष्ट केली जी दादाला सुचली नव्हती. मोठे यंत्र प्रत्येक जॉबची, म्हणजे त्याला दिलेल्या प्रत्येक कामाची, नोंद ठेवते : क्यूत कधी लागला, सुरू कधी झाला, किती वेळ मागितला, किती वापरला. तिने आपल्या गटाच्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि दोन राशी केल्या. थोडे नोड आणि अर्ध्या दिवसाच्या आतली मागणी असलेले जॉब बहुतेक त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सुरू झाले होते. शंभरावर नोड आणि दोन-तीन दिवसांची मागणी असलेले जॉब आठवडा-आठवडा उभे होते. यंत्र एकच होते, पण त्याला दोन तोंडे होती.

यामागे जादू नव्हती. असल्या यंत्रावर एक शेड्युलर बसलेला असतो. मोठ्या जॉबसाठी शंभर नोड एकत्र मोकळे व्हायची तो वाट पाहतो. त्या वाटेत काही नोड तासन्‌तास रिकामे पडतात. तिथे तो असा छोटा जॉब सरकवतो, जो मोठ्याची वेळ यायच्या आत हमखास संपेल. ‘हमखास’ कसे कळते? तर जॉब देणाऱ्याने स्वतः लिहून दिलेल्या वेळेवरून. इंग्रजी पुस्तकांत याला बॅकफिल म्हणतात. धाकटीने वहीत लिहिले : ‘घासाचा वाफा.’

मग तिने तपासले की एका गणिताला खरेच किती लागते. चाचणीच्या छोट्या क्यूत तेच गणित थोडा थोडा वेळ चालवून तिने हिशेब मांडला. ४ नोडवर पूर्ण गणिताला १६ तास, ८ वर ९ तास, १६ वर ६ तास, ३२ वर ५ तास. नोड आठपट केले तरी वेळ जेमतेम एक तृतीयांशावर आला. कारण नकाशाचे तुकडे जितके बारीक, तितका प्रत्येक तुकड्याचा वेळ शेजाऱ्याला कडेचे आकडे कळवण्यात जातो. कांद्याच्या एका वाफ्यात आठ बाया उतरल्या तर लावणी उरकते. बत्तीस उतरवल्या तर पायात पाय येतात.

क्लाउडचीही तिने चौकशी केली. यंत्रे पाच मिनिटांत मिळत होती. संस्थेत त्या खर्चाची मंजुरी मिळायला मात्र पाच आठवडे. स्वस्तातली यंत्रे पुरवठादार ऐनवेळी परत मागून घेत होता. शिवाय निकालाच्या शेकडो गिगाबाइटच्या फायली बाहेर काढायचे पैसे वेगळे. मुदतीच्या आत ते पाणी शेतात पोचत नव्हते. टँकर!

तिच्या पानावर चारच ओळी होत्या. मागणी : प्रत्येकी ८ नोड, १० तास, असे सुटे दहा जॉब. पाळी : छोट्या जॉबना एक दिवस. कालवा बंद : तारीख विचारायची आहे. विहीर : संस्थेचा क्लस्टर, त्यावर एक गणित आधीच चालवून दोन्ही यंत्रांचे उत्तर ताडून पाहायचे. हे शेवटचे फार महत्त्वाचे होते. दोन यंत्रांवरचे दशांश शेवटी शेवटी वेगळे पडतात, आणि लॉरेन्झच्या आभाळात तेवढे पुरते. दोन्हींचा पाऊस एकाच तोलाचा आहे ना, हे आधी पाहिले नाही तर अडचणीच्या वेळी विहिरीचे पाणी वापरता येत नाही.

मॅडमनी दोन्ही पाने वाचली आणि दोन्हींवर सही केली. दादा हसला. ‘‘तू अर्ज भर. मी तोवर काम संपवतो.’’

५ तारखेला दादाने आपला जॉब लावला. दहाही गणिते एकाच मोळीत बांधून, प्रत्येकी १६ नोडप्रमाणे १६० नोड, आणि वेळ ७२ तास. त्याचे काम सहा-सात तासांत होणार होते हे त्याला अंदाजाने ठाऊक होते. तरी ७२ मागितले, कारण दोन वर्षांपूर्वी त्याचा एक जॉब शेवटचा तासभर उरला असताना वेळ संपली म्हणून यंत्राने मारून टाकला होता. चोवीस तासांचे काम मातीत गेले होते. तेव्हापासून तो भीतीने मागायचा. मध्ये मध्ये स्थिती साठवून ठेवणाऱ्या रिस्टार्ट फायली लिहिल्या असत्या तर ती भीतीच राहिली नसती. पण त्या फायली मोठ्या असतात, काम थोडे सावकाश होते, म्हणून त्याने ते बटण कायम बंद ठेवले होते.

शेड्युलरने अंदाज दिला : सुरुवात १३ तारखेला. दादाने तो आकडा फळ्यावर लिहिला आणि गोल केला.

धाकटीचे जॉब ९ तारखेला सुटले. एका वेळी एका माणसाचे दोनच जॉब चालतील असा नियम होता, त्यामुळे ती दोन दोन करत पुढे सरकली. रोज सकाळी तिची दोन-तीन गणिते पूर्ण झालेली असत. दादाचा जॉब उभाच होता. शिवाय मागच्या महिन्यात त्याने भरपूर चाचण्या केल्या होत्या. अलीकडे ज्याने जास्त वापरले त्याला शेड्युलर थोडा मागे सरकवतो. या फेअरशेअरच्या काट्यात त्याचे पारडे आधीच वर गेले होते.

१० तारखेला मोठ्या यंत्राकडून सगळ्यांना सूचना आली : १७ तारखेला सकाळी ८ वाजल्यापासून देखभालीसाठी यंत्र बंद, २१ला संध्याकाळी सुरू. धाकटीने ती वाचली आणि आपल्या पानावरच्या तिसऱ्या ओळीपुढे ‘१७’ लिहिले. दादाच्या पेटीत ती सूचना न उघडलेल्या दोनशे पत्रांत जाऊन पडली.

१३ तारीख आली. दादाच्या पुढचा एक मोठा जॉब लांबला आणि त्याची वेळ एका दिवसाने सरकली. १४ला सकाळी त्याने पाहिले तर फळ्यावरच्या गोलात लिहायची नवी तारीख होती : २१, संध्याकाळ. आणि गंमत अशी की यंत्राचे कितीतरी नोड त्या क्षणी रिकामे दिसत होते.

तो तावातावाने सिस्टीमवाल्या काकांकडे गेला. काका मिशन सुरू झाल्यापासून संस्थेतल्या लोकांना या यंत्रांची वाट दाखवत आले होते. धाकटीही मागे मागे गेली.

‘‘काका, यंत्र रिकामं आहे आणि माझा जॉब नऊ दिवस उभा आहे. कालपासून आलेल्या पोरांचे जॉब सुरू होतायत. हा कुठला न्याय?’’

काकांनी पडदा त्याच्याकडे वळवला. ‘‘आज किती तारीख?’’

‘‘चौदा.’’

‘‘वाजले किती?’’

‘‘साडेदहा.’’

‘‘सतराला सकाळी आठला यंत्र बंद. म्हणजे उरले साडेएकोणसत्तर तास. तू मागितलेस बहात्तर. आता शेड्युलरनं काय करावं? तुझा जॉब सुरू करावा आणि सतराला त्याचा गळा दाबावा? तो तसं करत नाही. जो बंद व्हायच्या आधी संपेल तोच आत घेतो. बाकीचे बाहेर.’’

‘‘पण मला बहात्तर लागतच नाहीत! सात तास फार झाले.’’

‘‘हे तू मला सांगतोयस. त्याला सांगितलंस बहात्तर. तो तुझ्या शब्दावर चालतो.’’

दादा गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, ‘‘विशेष राखीव वेळ मिळत नाही का? मुदत आहे.’’

‘‘मिळते की. दोन आठवडे आधी मागितली, कारण पटलं, तर मिळते. हवामानाचा रोजचा अंदाज ज्या यंत्रांवर काढतात, तिथं त्या अंदाजाला रांग नसते. त्याचा वाटा बाजूला काढलेला असतो. कारण उद्याच्या पावसाचा अंदाज परवा देऊन उपयोग नाही. पण तुझ्या मुदतीची खबर यंत्राला कधी दिलीस?’’

परतताना जिन्यावर दादा थांबला. ‘‘तुझी किती झाली?’’

‘‘नऊ. सहावं पडलं होतं.’’

‘‘पडलं?’’

धाकटीने आपली चूक सांगितली. ९ तासांचे काम म्हणून तिने १० तास मागितले होते. पण सहाव्या गणितात ढग फारच उंच गेले. हवा इतक्या जोरात वर चढली की गणिताला पावले बारीक टाकावी लागली आणि ते रेंगाळले. बरोबर दहाव्या तासाला यंत्राने जॉब मारला. ‘‘मी फार कंजूषपणे मागितलं होतं, दादा. कमी सांगणं हेही खोटंच सांगणं असतं. नशीब, दर सहा तासांच्या हवामानानंतर स्थिती साठवत होते. पाऊण-एक तासाचं काम गेलं. उरलेल्यासाठी दोन तास मागितले, तो जॉब चहा होईपर्यंत सुरू झाला. आता बाराच मागते.’’

दादा तिच्याकडे पाहत राहिला. दोन वर्षे ज्या भीतीने तो बहात्तर तास मागत होता, त्या भीतीवरचे औषध धाकटीने दोन ओळींत लिहून ठेवले होते.

दुपारी दोघांनी मिळून मोळी सोडली. दहा सुटे जॉब, ८ नोड, १२ तास, रिस्टार्ट चालू. १४ची रात्र वाट पाहण्यात गेली, कारण यंत्र बंद होणार हे कळलेले सगळेच आता छोटे जॉब घेऊन दाराशी आले होते आणि दादाचे फेअरशेअरचे पारडे अजून वरच होते. १५च्या सकाळी पहिली दोन आत गेली. मग संध्याकाळी दोन. १६ला सकाळी आणखी दोन. १६च्या रात्री आठच्या आत जे सुरू होईल तेच, नंतर बारा तासांचा जॉब बसणार नव्हता. पावणेआठला सातवे आत गेले. आठवे दाराशी राहिले.

१७ला सकाळी आठला मोठे यंत्र बंद झाले. सात गणिते पुरी, तीन बाकी. आता विहीर. संस्थेच्या १२ नोडवर एका गणिताला तीस तास लागत होते, आणि तिथेही इतर मुले होतीच. धाकटीने दोन्ही यंत्रांचा पाऊस आधीच ताडून ठेवला होता, म्हणून तिथले निकाल या मोळीत मिसळता येत होते. २०च्या दुपारपर्यंत दोन गणिते झाली. तिसऱ्याला वेळ उरली नाही. आकृत्या काढायच्या होत्या, उत्तर लिहायचे होते.

‘‘एकोणीस आहेत, मॅडम,’’ दादा मान खाली घालून म्हणाला. ‘‘विसावं माझ्यामुळं राहिलं. २१च्या रात्री मोठं यंत्र सुरू होईल, पण...’’

‘‘पण २२ला मुदत संपते. एकोणीस लिही. वीस का नाहीत तेही लिही. सतरा गणितं एका यंत्रावरची, दोन दुसऱ्यावरची, तेही लिही. वाचणाऱ्याला एकोणीस चालतात. एकोणिसाचे वीस केलेले चालत नाहीत.’’

२२ला रात्री लेख गेला. काही गणितांत पाऊस सांताक्रूझवर कोसळला होता, काहींत तो सरकला होता. किती सरकतो हेच तर परीक्षकाला हवे होते. विसाव्याबद्दल पुढे त्याने एक अक्षर विचारले नाही.

त्या रविवारी धाकटीने मामांना फोन केला. कांदा पोसला होता.

‘‘मग, मिळालं का पाणी?’’

‘‘मिळालं. मागितलं तेवढं.’’

‘‘आन् त्या दादाला?’’

‘‘त्यालाही. मागितलं त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी, पण लागत होतं जवळजवळ तेवढं.’’

मामा हसले. ‘‘तुमच्या यंत्राला पाटकरी चांगला हाये मग.’’

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत नवी मुले आली. मोठ्या यंत्रावर खाते उघडायला त्यांनी मॅडमची सही मागितली, तर मॅडमनी दादाकडे बोट दाखवले. दादाने खणातून एका पानाच्या झेरॉक्स प्रती काढल्या. वर पेनाने लिहिले होते : ‘नमुना नं. ७’. खाली चार ओळी : मागणी किती, पाळी कधी, कालवा बंद कधी, विहीर कोणती.

‘‘सर, हा सात नंबर का? एक ते सहा कुठे आहेत?’’ एका मुलीने विचारले.

‘‘ते धाकटीच्या मामांना विचार,’’ दादा म्हणाला. ‘‘आणि पहिल्या ओळीत भीतीनं आकडा लिहू नकोस. कंजूषपणानंही नको. आधी एकदा मोजून ये.’’

तात्पर्य : सामायिक पाण्यावर पीक घ्यायचे तर साठा पाहून भुलू नये, आपली पाळी पाहावी, गरज मोजून खरी सांगावी आणि घरची लहान विहीर उपसून ठेवावी.